फुकुशिमात शालनचं पान

मी फुकुशिमाला जाऊन आलो हे कळल्यापासून आमच्या सोसायटीत सगळे मला एकच विचारतात. "काका, लाइट गेल्यावर चमकता काय?" नाही चमकत. आल्या आल्या बाथरूममधला दिवा घालवून मी स्वतः बघितलंय, म्हणून छातीठोक सांगतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. फुकुशिमा जपानात आहे. तिथे समुद्राला लागून अणूची वीज करायचं केंद्र होतं. मोठा भूकंप झाला, समुद्र आत घुसला, केंद्र फुटलं आणि त्याची विषारी धूळ आजूबाजूच्या गावांवर जाऊन बसली. लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं. गावंच्या गावं रिकामी. आता काही गावं साफसूफ करून उघडलीत, काही अजून बंद आहेत. माणसं गेली आणि त्यांच्या जागी जनावरं आली. ती बघायला मी गेलो असं लोकांना वाटतं. मी गेलो होतो कावळा शोधायला.

त्याचं असं झालं. माझी बायको शालन गेल्या वर्षी वारली. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते. बोरीवलीत कावळ्यांची कमी नाही. रांगेने भिंतीवर बसले होते, जसे काही त्यांना बोलावणं पोचलंय पण पान वाढायचं राहिलंय. आमच्यात कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी तोंडात घास घालत नाही. लहान पोरं भुकेने कुरकुरायला लागली. मग एकेकाने हात जोडून वचनं द्यायला सुरुवात केली. मी म्हटलं, मेघाचं सगळं नीट करीन. मेघा, आमची मुलगी, म्हणाली, आई, मी पप्पांना एकटं सोडणार नाही. शालनचा धाकटा भाऊ सुरेश जोगेश्वरीला राहतो, त्याने तर गावचं घर शाकारायचंही कबूल करून टाकलं. कावळा ढिम्म. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक जेवले.

सुरेश मात्र तेव्हापासून माझ्या मागे लागला. "भावोजी, आमच्या ताईचो जीव कशात तरी अडाकलो हा. तुमी काय ता आठवा." मी वर्षभर आठवतोय. मी कोणाला भीत नाही आणि भटजींच्या सगळ्याच गोष्टींवर विश्वासही ठेवत नाही. पण जिच्याबरोबर जन्म काढला तिला काय हवं होतं हे मला ठाऊक नाही, हे काही घशाखाली उतरेना.

तोक्यो

मेघा तोक्योला नोकरी करते. वर्षश्राद्धाला तिला रजा मिळेना, तेव्हा तिने मलाच बोलावून घेतलं. सुरेश फोनवर ओरडला, "थंय कावळे तरी आसत काय?"

आहेत, आणि कसले! आपल्या डोमकावळ्याचे थोरले भाऊ. काळे कुळकुळीत, चोच विळ्यासारखी. सकाळी कचऱ्याच्या पिशव्या फाडतात म्हणून लोक त्यांच्यावर निळी जाळी टाकून ठेवतात. मी खूश झालो. म्हटलं, गॅलरीत पान ठेवू.

"पप्पा, गॅलरीत जेवण ठेवलं तर मला घर सोडावं लागेल," मेघा म्हणाली. "इथे कबुतराला दाणा टाकला तरी खालचे तक्रार करतात."

"मग इथे माणूस मेला की काय करतात?"

"दुसरं करतात."

मग तिनेच तोड काढली. तिच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीचे वडील, साइतो-सान, त्या रिकाम्या झालेल्या गावांपैकी एका गावात परत जाऊन एकटे राहत होते. त्या लोकांच्यात नावापुढे सान लावतात, आपण राव लावतो तसं. त्यांच्या गल्लीत तक्रार करायला शेजारीच उरलेला नव्हता. त्यांनी सांगितलं, या, पक्षी पाहिजे तेवढे आहेत.

वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं मेघाच्या घरीच करून न्यायचं ठरलं. वाटाणे आणि वड्याचं पीठ मी बोरीवलीहून नेलं होतं. तिचं स्वयंपाकघर म्हणजे आपल्याकडचं देवघर, तेवढंच. पहिला वडा फुगला आणि छतातून एक बाई जपानीत बोलायला लागली. ठणाणा घंटा आणि मध्येमध्ये बाई. मी कढई घेऊन इकडून तिकडे. मेघा स्टुलावर उभी राहून टॉवेलने वारा घालतेय आणि माझ्यावर खेकसतेय, "गॅस बंद करा ना पप्पा!" धुराचा गजर होता तो. बाई गप्प झाली तेव्हा आम्ही दोघं घामाघूम, आणि मेघा हसत सुटली. आई गेल्यापासून ती माझ्यासमोर हसली नव्हती. म्हणून उरलेले वडे तळताना मी मुद्दाम आणखी एकदा बाईला बोलायला लावलं.

साइतो-सानच्या घरी

स्टेशन नवं कोरं, चकाचक, आणि उतरलो आम्ही दोघंच. बाहेर एक खांब, त्यावर आकडे. मला वाटलं पुढच्या गाडीचा इंडिकेटर. मेघा म्हणाली, हवेत किती विष आहे ते दाखवतंय. आकडा बरा होता. नाक्यानाक्यावर तसे खांब आहेत आणि लोक त्यांच्याकडे आपण घड्याळाकडे बघतो तसे बघून पुढे जातात.

साइतो-सान न्यायला आले होते. माझ्याच वयाचे, बुटके, डोक्यावर टॉवेल बांधलेला. कमरेत वाकून नमस्कार केला. मीही वाकलो. ते परत वाकले. मी परत. मेघा मध्ये पडली म्हणून सुटलो, नाहीतर अजून तिथेच असतो.

रस्त्याच्या एका बाजूला शेत साफ केलेलं. साफ म्हणजे वरची मातीच खरवडून पिशव्यांत भरून नेलेली. दुसऱ्या बाजूला लोखंडी फाटक, आत जायला बंदी. फाटकाच्या आत सगळं हिरवंगार. घरांच्या खिडक्यांतून वेली आत गेलेल्या. एका गाडीच्या टपातून झाड वर आलेलं. आणि त्या बंदीच्या रस्त्यावर भर दुपारी चार माकडं मांडी घालून बसलेली, जणू सोसायटीची मीटिंग. तोंडं लालबुंद, अंगावर लोकरीसारखे दाट केस. आमच्याकडे त्यांनी असं बघितलं की मलाच वाटलं, आपण परवानगी न घेता आलो.

आमची सोसायटी नॅशनल पार्कच्या भिंतीला पाठ लावून उभी आहे. बिबट्या कंपाउंडमध्ये शिरला की वॉचमनपासून टीव्हीवाल्यांपर्यंत सगळे धावतात. खरं तर त्याच्या घरात आपण शिरलोय, पण बातमी त्याची होते. साइतो-सानच्या गावात उलट. तिथे माणूस दिसला तर बातमी.

हे मी त्यांना मेघाकरवी सांगितलं. ते म्हणाले, "बिबट्या? डुकरं खातो काय?"

"खातो."

"मग एक पाठवून द्या."

डुकरं म्हणजे रानडुकरं. घरी पोचल्यावर त्यांनी मला अंगण दाखवलं. ट्रॅक्टर फिरवल्यासारखं उकरलेलं. त्यांनी रताळी लावली होती, भोवती विजेची तारही होती. डुकरिणीने तार पडायची वाट बघितली आणि पडल्यावर सगळं कुटुंब घेऊन आली.

चहा पिताना त्यांनी सगळं सांगितलं. लोकांना बाहेर काढलं तेव्हा गोठ्यातल्या गायी बांधलेल्याच राहिल्या. पुष्कळ तशाच मेल्या. पाळलेली काही डुकरं सुटली ती रानडुकरांत मिसळली. माणूस नाही, बंदूक नाही, कुत्रं नाही. शेतात पीक उभं, झाडाला फळं, घराचं दार उघडं. आधी रात्री येत होती ती दिवसा यायला लागली. साइतो-सान घर बघायला पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या बिछान्यावर डुक्कर झोपलं होतं.

"मग काय केलंत?"

"मी दार वाजवलं. त्याने एक डोळा उघडला आणि परत मिटला."

त्यांची बायको त्याच दिवशी म्हणाली, मला नाही यायचं परत. ती शहरात मुलाकडे फ्लॅटमध्ये राहते आणि रोज फोन करून यांना ओरडते. मी बसल्या बसल्या ऐकला तो ओरडा. भाषा कळली नाही, पण सूर ओळखीचा होता. फोन ठेवल्यावर साइतो-सानने कानात बोट घालून हलवलं आणि हसले. मीही हसलो. मला थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

गावाभोवतीच्या रानात अभ्यास करणाऱ्या लोकांनी झाडांना कॅमेरे बांधलेत. समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो निघतो. साइतो-सान त्यांना मदत करतात म्हणून त्यांच्याकडे फोटो होते. काय नव्हतं त्यात! कोल्हा. ससा. कुत्र्यासारखं पण तोंडावर चोरासारखा काळा पट्टा असलेलं एक जनावर, त्याला ते तानुकी म्हणतात. आपल्या कांडेचोरासारखं, म्हणजे उदमांजरासारखं एक, नाकावर पांढरी रेघ. बोकड आणि गाय यांच्या मधलं काहीतरी, म्हाताऱ्या मास्तरासारखं कॅमेऱ्यात रोखून बघणारं. आणि डुकरं, डुकरं, डुकरं.

मी म्हटलं, "म्हणजे विष त्यांना बाधत नाही?"

मेघाने विचारलं. साइतो-सानने फोटो गोळा करून ठेवले. मग म्हणाले, "त्यांच्या मांसात विष आहे. मारलं तरी आपण खाऊ शकत नाही. रानातली अळंबी खाता येत नाही. आतून त्यांचं काय होतं याबद्दल शिकलेले लोकही एकमेकांशी भांडतात. मला एवढंच दिसतं की डुकराला विष दिसत नाही. माणूस दिसतो."

विष बाधत नाही म्हणून ती वाढली नाहीत. आपण नाही म्हणून वाढली. मी सहावीपर्यंत शिकलेला माणूस, पण आमची पार्कची भिंत आठवली तसं हे मला लगेच कळलं. आपण रोज जे करतो त्यापुढे अणूचं विष जनावराला परवडलं. चांगली गोष्ट आहे की वाईट, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला त्या कोल्ह्याचा फोटो बघून बरं वाटलं.

जेवायला त्यांनी डुकराचं नाही, बाजारातल्या माशाचं कालवण केलं होतं. वाटीत वाढलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. पाहुण्याआधी कसं जेवायचं म्हणून ते थांबलेले. यजमानाआधी कसं जेवायचं म्हणून मी थांबलेलो. वाफ गेली. मग वरचं तेल थिजलं. दोन म्हातारे एकमेकांकडे बघून मान हलवतायत.

"पप्पा, खा ना!" मेघा ओरडली.

"ते खात नाहीत तर मी कसा खाऊ?"

"तुम्ही खात नाही म्हणून ते खात नाहीयेत!"

शेवटी तिनेच घास घेतला, मग आम्ही दोघं तुटून पडलो. कालवण गार झालं होतं. पण आंबट काहीतरी घातलं असतं तर झकास लागलं असतं.

दुसरा दिवस: पान

सकाळी साइतो-सानने अडचण काढली. उघड्यावर खाणं ठेवायला गावात मनाई आहे. डुकरांना चटक लागते. मी म्हटलं, मी डुकराला कुठे बोलावतोय? मला एक कावळा पाहिजे. त्याने चोच लावली की सगळं उचलून पिशवीत भरून परत नेतो. मेघाने दहाव्याची सगळी हकिगत सांगितली. साइतो-सानने टॉवेल सोडला, परत घट्ट बांधला आणि म्हणाले, "आपण तिघं उभे राहून राखण करू."

केळीचं पान नव्हतं. त्यांनी मागच्या झाडाचं एक पान आणलं, पळसाच्या पानाच्या दुप्पट, कडेने पिवळं पडत आलेलं. मेघाने साइतो-सानकडचं विष मोजायचं यंत्र त्यावर धरलं. यंत्र जरा किरकिरलं.

"पप्पा, रानातलं पान आहे. यावर आपण नाही हं जेवायचं."

"आपण कुठे जेवतोय? तिला वाढतोय. तिला आता काय होणार?"

मेघा म्हणाली, "आई हे ऐकत असेल तर तुम्हाला बघून घेईल."

शेजारच्या पाडलेल्या घराचा चौथरा उरला होता. त्याच्या कोपऱ्यात फळांनी लगडलेलं झाड. फळं टोमॅटोएवढी, भगवी. लोकांना काढायची भीती, म्हणून सगळी पाखरांना आणि माकडांना. त्या झाडाखाली चौथऱ्यावर पान मांडलं. भात, वडे, सांबारं, शेवयांची खीर. मी हात जोडले. साइतो-साननेही जोडले. मग आम्ही त्यांच्या कुंपणाशी जाऊन उभे राहिलो.

कावळा आला. लगेच आला! विजेच्या खांबावर बसला, मान वाकडी करून पान बघितलं. मी मेघाला कोपराने ढोसलं.

आणि तो तिथेच बसून राहिला.

मी कोकणीत बोलून बघितलं, मराठीत बोलून बघितलं. मेघाने जपानीत बोलून बघितलं. साइतो-सान कावळ्याला काय म्हणाले ते मेघाने सांगितलं नाही. कावळा पंख साफ करत बसला. अगदी तोच दहाव्याचा भिंतीवरचा कावळा. मेघाने माझा हात धरला. मी मनात म्हटलं, शालन, अगं बाई, इतक्या लांब आलो. सांग की आता काय ते.

तेवढ्यात बांबूच्या बेटात खसखस झाली आणि डुकरीण बाहेर आली.

चांगली मोठी. पाठीवर केस उभे. मागे अर्धवट वाढलेली पिल्लं, एकमेकांना ढकलत. साइतो-सानने कुंपणावरचा पत्र्याचा डबा घेऊन बडवायला सुरुवात केली. डुकरिणीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ चौथऱ्यावर चढली आणि शालनच्या पानात तोंड घातलं.

मी धावलो. खरंच धावलो, चप्पल हातात घेऊन, "हाट! मेल्या हाट!" मेघाने मागून शर्ट धरला, साइतो-सानने कंबर धरली. ते काहीतरी ओरडत होते. नंतर कळलं, ओरडत होते की पिल्लंवाली आहे, फाडून टाकील. मी तिघांच्या त्या गुंताळ्यात उभा राहून बघत होतो. खीर गेली. भात गेला. पिल्लं वड्यांवरून भांडली. एकाने सांबारं नाकात घेतलं आणि शिंकलं. मेघा रडत होती आणि त्या शिंकेवर हसलीही. सगळं खाऊन, पान अर्धं चावून, डुकरीण बेटात निघून गेली, मागोमाग पिल्लं. चौथऱ्यावर एका वड्याचा तुकडा आणि चार वाटाणे उरले.

मी खाली बसलो. वाट लागली म्हटलं. सुरेशला काय सांगू?

आणि मग खांबावरचा कावळा उतरला. घाई नाही, गडबड नाही. चौथऱ्यावर दोन उड्या मारल्या, इकडे तिकडे बघितलं, कोणी उरलं नाही ना याची खात्री केल्यासारखं. तो वड्याचा तुकडा चोचीत घेतला. वाटाणेही एकेक करून वेचले.

मेघा म्हणाली, "पप्पा. आई सगळ्यांचं झाल्यावरच बसायची."

उभ्या आयुष्यात शालन पहिल्या पंगतीला बसली नाही. मी जेवलो, मेघा जेवली, आला-गेला जेवला, खाली वॉचमनचा डबा गेला, कुत्र्याला भाकरी टाकली, की मग ती उरलंसुरलं घेऊन ओट्याशी बसायची. मी शंभरदा ओरडलो असेन, अगं बस ना बरोबर. "तुमचं होऊं दे." आणि दहाव्याला आम्ही काय केलं? घरभर माणसं उपाशी बसवली आणि तिला म्हटलं, तू आधी जेव. कशी जेवेल? आम्ही तिच्यासाठी थांबलो होतो आणि ती आमच्यासाठी. कालवणाच्या वाटीपुढे आम्ही दोन म्हातारे बसलो होतो तसंच. डुकरिणीला कोणी रीतभात शिकवली नव्हती, म्हणून ती कोंडी फुटली.

मेघाने साइतो-सानना सांगितलं. त्यांनी डबा खाली ठेवला आणि ज्या डुकरिणीला रोज शिव्या देतात ती गेली त्या बेटाकडे बघून कमरेत वाकले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण माझी रताळी तिने अजून द्यायची आहेत."

उरलेलं पान आम्ही कबूल केल्याप्रमाणे पिशवीत भरून आणलं.

बोरीवली

सुरेशला फोनवर सांगितलं तर तो भडकलाच. "भावोजी, डुकरान उष्टावलेला पान? ह्या शास्त्रात बसता काय?"

मी म्हटलं, "वराह कोणाचा अवतार? तुझ्या कावळ्यापेक्षा त्याचा हुद्दा मोठा. आणि तुझी ताई कधी जेवायची, तू सांग."

तिकडे त्याने टीव्ही बंद केला. मग हळूच म्हणाला, "माका भरवल्यार."

परवा अमावस्या होती. मी सुरेशला बोलावून घेतलं. वडे मीच केले. इथे छतातून ओरडणारी बाई नाही, त्यामुळे जरा सुनं वाटलं. गॅलरीच्या कट्ट्यावर शालनचं पान वाढून ठेवलं आणि आत येऊन आम्ही दोघं सरळ जेवायला बसलो. आधी. सुरेश पहिला घास घेताना चाचरला, पण वडा गरम होता. समोर पार्कच्या भिंतीवर कावळा येऊन बसला. पान बघतोय, आमच्याकडे बघतोय, जागचा हलत नाही. सुरेश जेवला, ताक प्याला आणि परत वड्यांच्या डब्यात हात घातला.

मी म्हटलं, "आटप रे मेल्या. ताई खोळंबलीय."